वर्सायचा तह सोडून राष्ट्रसंघावर स्वारी जाहली त्याची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. श्रीगजाननें सकल विघ्ने निवारावी, विशेषेकरून वर्गातील इंटरनेटाची. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, फाल्गुन मासी जे वर्तले, ते मृणालबाई वर्तक यांची आज्ञा जाहली म्हणोन लिहिले असे. कमीजास्त केले नाही. लिहिणाराचे नाव कोणी पुसो नये.

एक राज्य होते. पूर्वेस टेकडी, पश्चिमेस हमरस्ता, नैऋत्य कोनी कँटीन, आणि वारा बहुतकरून पश्चिमेचा, त्यामुळे तिसरे तासास तळणाचा वास सर्व वर्गी फिरे. आंतरराष्ट्रीय शाळा म्हणोन लौकिक. नाना देशींची लेकरे तेथे विद्या करीत, आणि बापाची बदली जाहली की दप्तर उचलोन दुसरे खंडी जात. परीक्षेचे प्रश्न समुद्रापलीकडील थोरले कचेरीतून सीलबंद येत. त्या कचेरीचा रिवाज ऐसा की, इतिहासाचे दुसरे पेपरात जुने पत्र, भाषण, व्यंगचित्र पोरांपुढे टाकावे आणि पुसावे, यावर भरवसा ठेवावा की न ठेवावा, आणि का. ही साधने कोणत्या प्रकरणाची, ते प्रकरण दरसाल फिरे आणि आगाऊ कळविले जाई. मग मृणालबाई या राज्यी नवीन नेमणुकीस आल्या. शिकविण्याची हातोटी मोठी, जीभ तिखट, पोरांवर माया बहुत. नोकरी कायम होणे न होणे पहिले निकालावर ठेविले होते. आधीच्या बाई गावी गेल्या, त्यांची चिठ्ठी कपाटाचे दारी चिकटलेली राहिली होती, की यंदा वर्सायचा तह. बाईंनी ती वाचली, मान डोलाविली, आणि सारे वर्ष त्या तहावर पोरे घासली. रोज फळ्यावर तीनच सवाल लिहावे: कोणी लिहिले, का लिहिले, केव्हा लिहिले. पोरे ऐसी तयार जाहली की घरी आईने डबा पौष्टिक आहे म्हटले तरी पुसत, हे सांगण्यात तुझा हेतू काय. पालकांनी तक्रारही केली.

ऐसे चालता फाल्गुनात कोरियादेशीची कन्या किम सोयॉन दुबईचे शाळेतून बदलून आली, ईशान्येचे खिडकीपाशी बसली, आणि हात वर करोन नम्रपणे बोलली, "मॅम, तिथे आम्ही या पेपरला राष्ट्रसंघ करत होतो. वर्साय मागच्या वर्षी होता." बाईंचे पायाखालची वाळू सरकली. तात्काळ कचेरीचे संकेतस्थळ उघडोन पाहिले, तो कन्येचे म्हणणे खरे. चिठ्ठी गतसालची होती. परीक्षा वैशाखावर आली, आणि राष्ट्रसंघ म्हणजे धड्यातून घोडा दौडवीत एकदा पार केलेला मुलूख, तेथे मुक्काम कोणी केला नाही. शिक्षकांचे खोलीत मसलत बसली. एक जुने जाणते म्हणाले, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. गुपचूप नवीन धडा सुरू करा, पोरांना काय कळतंय." बाई उत्तरल्या, "वर्षभर मुठी उघडायला शिकवलंय. आता माझीच कशी झाकू?" आणि उठोन थेट हेडसाहेब ग्रेगरी यांचे भेटीस गेल्या आणि सर्व वृत्त आपण होऊन सांगितले. साहेब सज्जन, परंतु हिशेबी. म्हणाले, निकाल येऊ द्या, मग कायमाचे बोलू. बाईंनी बरे म्हटले.

मग बाई वर्गी आल्या आणि म्हणाल्या, "ऐका. मी चुकले. तुमचं प्रकरण राष्ट्रसंघ आहे." तेव्हा निहार खर्शीकर, जो वर्गात सर्वांहून वाचाळ, तो उभा राहिला. "बाई, त्या चिठ्ठीवर तारीख होती?" "नव्हती." "मग आपण भरवसा कसा ठेवला?" बाईंस हसू आले, डोळेही भरले. म्हणाल्या, "रोज तुम्हांला विचारते रे. स्वतःला विचारायचं राहून गेलं." निहार म्हणाला, "हरकत नाही बाई. तह असो की संघ, सवाल तेच तीन ना? नकाशाच तेवढा बदलला." हे त्याचे बोलणे आम्हांस फार आवडले. मग सोयॉन हिने फळ्यापाशी उभी राहोन मांचुरिया कोठे, अबिसिनिया कोठे, तेथे काय जाहले, संघाने हात का आखडिला, हे सांगावे, आणि बाईंनी साधने आणोन पुढे टाकावी, आणि पोरांनी त्यांवर कावळ्यांप्रमाणे तुटोन पडावे, ऐसा क्रम दुपारचे उन्हात रोज चालिला. कन्या नवीन, कोणाशी बोलत नव्हती, ती सर्वांची सोयूताई जाहली. पालकांनी व्हॉट्सॲपावर बहुत गदारोळ केला. पोरांनीच त्यांस पुसले, ही बातमी आपणांस कोणी दिली, आणि त्याचा हेतू काय. गदारोळ निवाला.

वैशाखी परीक्षा जाहली. श्रावणी निकाल आला. वर्गाची फत्ते जाहली. दोघे एक पायरी खाली घसरले, त्यांत निहार एक, त्याचे वडील अद्याप फुगले आहेत, तो स्वतः मात्र मजेत. साहेबांनी बाईंस बोलावून कायमाचा कागद हाती दिला आणि म्हणाले, चूक सांगावयास आलात तेव्हाच मन वळले होते. बाई म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतंत तर पाच महिने झोप तरी लागली असती."

मग बाईंनी ही बखर नवे वर्गास साधन म्हणोन दिली, आणि सोयॉन आता वरचे इयत्तेत, तिजकडोन नमुन्याचे उत्तर लिहविले. तिने लिहिले ते येणेप्रमाणे: "लेखक नाव लपवतो, पण दिशा आणि वारा सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही, म्हणजे हे भूगोलाचे सर. ते बाईंचे मित्र आहेत, म्हणून कौतुकावर भरवसा ठेवू नये. पण मित्र असून त्यांनी बाईंची चूक झाकली नाही, म्हणून चुकीवर ठेवावा." बाईंनी पुरते गुण दिले, आणि कागद आमचे खोलीत, टेबलाचे उत्तर बाजूस, आणोन ठेविला.

तात्पर्य, चिठ्ठीवर तारीख घालावी. ही बखर शके एकोणीसशे शेचाळीस, भाद्रपद मासी पुरी जाहली.