समुद्रातलं मिशीवालं जनावर

बापूसाहेबांनी त्या संध्याकाळी विमान सांगितलं, विमानातलं जेवण सांगितलं, ठिबकाचं पाणी सांगितलं, आणि तिथंच थांबायला हवं होतं. पण थांबतील तर ते बापूसाहेब कसले!

ही शहाण्णव सालची गोष्ट. लासुर्ण्यातून कोणी मुंबईला जाऊन आलं तरी चार दिवस त्याला चहा फुकट मिळायचा, असा तो काळ. बापूसाहेब तर थेट ऑस्ट्रेलियाला जाऊन आले होते. ऊसवाल्या शेतकऱ्यांचा अभ्यासदौरा निघाला, त्यात त्यांचा नंबर लागला. बायकोनं, सारजाबाईंनी, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या कडक भाकरी दिल्या होत्या, त्या विमानतळावर काढून घेतल्या, याचा राग बाईंच्या मनात अजून होता. ते असो. ओसरी माणसांनी भरली होती, उरलेले अंगणात उकिडवे बसले होते, आणि मधोमध बाजेवर गेणबातात्या होते.

गेणबातात्या म्हणजे बापूसाहेबांचे चुलते. बापूसाहेब रांगत असतानाच त्यांचे वडील गेले, तेव्हापासून तात्यांनीच त्यांना वाढवलं. पूर्वी तात्यांचा मेंढरांचा मोठा खांड, म्हणजे कळप होता, त्याच्यामागं त्यांनी कोकणापर्यंतचा मुलूख पायाखाली घातला होता. पुढं मेंढरं विकली, ऊस लावला आणि त्या मेंढरांचं नाव पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. घरात तात्यांचा शब्द शेवटचा. सातबाऱ्यावर नाव कोणाचं का असेना, पाणी कुठल्या सरीत सोडायचं ते तात्या सांगणार.

आणि पाण्याचंच तर दुखणं होतं. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं मोकाट सोडून सोडून खालच्या तुकड्यात जमिनीवर पांढरं मीठ फुटायला लागलं होतं. आणखी चार-पाच वर्षांत तिथं कुसळसुद्धा उगवणार नाही, हे बापूसाहेबांना स्वच्छ दिसत होतं. ठिबक बसवणं हा एकच उपाय होता आणि त्याला तात्यांची मान हलायला हवी होती.

"थेंब थेंब?" तात्यांनी विचारलं.

"व्हय तात्या. मुळाशी थेंब थेंब. आन ऊस ह्यो असा, मनगटाएवढा. म्या हातानं चाचपून बघितला."

बापूसाहेबांनी तिकडून आणलेला काळ्या नळीचा तुकडा तात्यांनी उलटासुलटा करून पाहिला. "तू डोळ्यानं बघितलंस म्हंतोस, मंग खरंच असंल. पाडव्याला मुहूर्त करू."

बापूसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. त्याच भरात त्यांची पोरगी स्वप्नाली म्हणाली, "दादा, पन तितं गंमत काय बघितली?" आणि बापूसाहेब सुटले.

"गंमत? आगं, शेवटच्या दिवशी आमाला बोटीतनं समुद्रात नेलं. अंगात काळं रबरी कापड चढवलं, पायात बदकावानी पंखं घातली, आन म्हनले, मारा उड्या. पान्यात सील हुतं."

"सील म्हंजी?" सारजाबाईंनी विचारलं.

"जनावर. तोंड कुत्र्यावानी, मिशा मांजरावानी, अंग गुळगुळीत, आन पाय न्हाईत, वल्ही हायत. माझ्यासंगं पवलं की! खालनं यायचं, तोंडाम्होरं उभं ऱ्हायचं, टकामका बघायचं आन गिरकी मारून पळायचं. म्या कोलांटी मारली की त्ये बी कोलांटी मारायचं."

विमान गावानं मान्य केलं होतं. उन्हाळ्यात जानेवारी येतो हेही कसंबसं गिळलं होतं. पण कोलांटी घशाखाली उतरेना.

"बापू," तात्या सावकाश म्हणाले, "समिंदर म्या बघितलाय. कोकनात मेंढरं घिऊन जायचो तवा. तितं असलं कायबी न्हवतं."

"त्यो समुद्र येगळा, तात्या."

"पानी येकच की!"

झालं. दुसऱ्या दिवशी ही बातमी निमगाव केतकीच्या बाजारात बापूसाहेबांच्या आधी पोचली. मेथीची जुडी घ्यायला गेले तर भाजीवाली म्हणाली, "दादा, कोलांटी मारा, मंग दोन जुड्या जास्तीच्या देते." एसटीचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "एक फुल, आन सीलचं हाफ काढू का?" सगळी गाडी फिदीफिदी हसली. बापूसाहेब रागानं लाल झाले.

"साक्षीदार हाय माझ्याकडं!" त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. दौऱ्यात कळंबचे संभाजीराव होते, त्याच बोटीत होते. बापूसाहेब मोटारसायकलवर बसवून त्यांना घेऊनच आले. तात्यांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "पावनं, तुमी बघितलं का त्ये जनावर?"

संभाजीरावांनी बापूसाहेबांकडं पाहिलं, कपाकडं पाहिलं. माणूस सज्जन होता, खोटं बोलायची सवय नव्हती, तिथंच घात झाला. "तात्या, खरं सांगू का? बोट लई हालत हुती. समदा येळ माझं तोंड बादलीत हुतं. बापूसाहेब पान्यात पडल्याचा आवाज मातर ऐकला."

तात्यांनी "हं" एवढंच म्हटलं. पण तो "हं" बापूसाहेबांच्या काळजात गेला. लहानपणापासून तात्यांनी त्यांना चाबकानं फोडलं होतं, पण खोटारडा कधी म्हटलं नव्हतं.

आता सगळी भिस्त फोटोवर. बोटीवरच्या वाटाड्यानं पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्यानं एक फोटो काढला होता. तो रोल बापूसाहेबांनी बरोबर आणून बारामतीला धुवायला दिला होता. पाइप-मोटारीचे दुकानदार अय्युबभाई मालासाठी बारामतीला जाणार होते, ते येताना पाकीट घेऊन आले. अय्युबभाई बापूसाहेबांचे शाळेपासूनचे मित्र. शिवाय ठिबक बसलं तर नळ्या त्यांच्याच दुकानातून जाणार होत्या, त्यामुळं सील खरं निघावं ही त्यांचीही मनापासून इच्छा होती.

फोटो निघाला झकास. निळंशार पाणी आणि त्यात दोन काळी अंगं. एक तोंड कॅमेऱ्याकडं करून, दुसरं पाठमोरं.

पहिला मान सारजाबाईंचा. त्यांनी फोटो उजेडात धरला, पदरानं पुसला आणि त्यांचा चेहरा उजळला. "ह्ये बघा ह्ये! मिशांवरनं वळखलं. डोळं बी तसंच, उपाशी असल्यावानी."

"आगं त्ये जनावर हाय!" बापूसाहेब ओरडले.

"आवं काय तरीच काय! एवढी वर्सं संसार केला, मी वळखायची न्हाय व्हय तुमाला?"

फोटो हातोहात फिरला. बापूसाहेबांच्या मिशा पंचक्रोशीत प्रसिद्ध, कानापर्यंत वळलेल्या. जो तो म्हणायचा, "बापूसाहेब निघालेत मातर ब्येस." अय्युबभाईंनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, आणि मित्राची लाज राखायला गेले. "फोटूत जरा बारीक दिसताय बापूसाहेब, पन तुमीच हाय."

"आरं मी ह्यो पाठमोरा! टोपी हाय डोक्याला रबराची!"

सगळ्यात शेवटी फोटो तात्यांच्या हातात गेला. तात्यांनी बराच वेळ निरखला. मग पाठमोऱ्या काळ्या आकृतीवर बोट ठेवलं. "ह्यो मिशीवाला बापू. म्हंजी ह्यो पाठमोरा त्ये जनावर. मंग जनावराला मानसावानी दोन पाय कसं रं?"

"तात्या, त्ये पाय माझंच..."

"गप. मला समजलं." तात्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तेच वाईट होतं. "तू खोटं बोलत न्हाईस, लेकरा. तुला फसिवलंय. कुनाला तरी काळं कापाड घालून पान्यात सोडलं, आन तुमच्यावानी पावन्याला दावलं. सोंग हाय त्ये. आन जे मानसाला सीलचं सोंग दित्यात, ते उसाला बी दिऊ शकत्यात. त्यो मनगटाएवढा ऊस बी तुला दावायला कुठनं तरी आनून रोवला असंल. ऱ्हाऊ दे त्ये ठिबक."

आणि तात्या काठी टेकत परड्याकडं निघून गेले. बापूसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला.

अय्युबभाई त्यांना दुकानात घेऊन गेले, खुर्चीवर बसवलं आणि दार लोटून घेतलं. "आता येकच करा. तात्यास्नी जाऊन सांगा, सील-बील काय न्हवतं, म्या थट्टा केली, कान धरतो. मग तात्या म्हनतील, बापू थापाड्या हाय, पन खुळा न्हाय. थापाड्याच्या शेतात ठिबक बसतं, खुळ्याच्या न्हाय."

"पन त्ये खरं हाय, अय्युबभाई! माझ्या डोळ्याला डोळा लावून बघितलं हो त्येनं!"

"असंल. पन शेत वाचवायचंय का सील?"

बापूसाहेबांना रात्रभर झोप लागली नाही म्हणावं, तर तसं काही झालं नाही. ते गाढ झोपले आणि स्वप्नातही पोहले. पण सकाळी उठले ते ठरवूनच. जमिनीसाठी एक खोटं बोलायचं. त्यात काय मोठंसं!

तात्या परड्यात बाभळीखाली सुतळी वळत बसले होते. पलीकडं सारजाबाईंची शेळी रवंथ करत होती. बापूसाहेब समोर जमिनीवर बसले, दोनदा खाकरले.

"तात्या, त्ये सीलचं म्हंजी..."

"वरडतं कसं?" तात्यांनी मान वर न करता विचारलं.

"आं?"

"सोंग घेनारा मानूस दिसंल कसाबी. पन वरडंल कसं? येवढा जवळ गेलास, आवाज ऐकला असशील की न्हाय?"

आता 'ऐकला नाही, कारण जनावरच नव्हतं' एवढं म्हणायचं आणि कान धरायचा. शब्द जिभेवर आले होते. पण बापूसाहेबांच्या डोळ्यांपुढं एकदम बोटीजवळचा तो सीलांचा खडक उभा राहिला, त्याच्यावरची ती काळी, ओली पिलं, आणि कानात त्यांचा तो गलका. त्यांच्याच्यानं राहवेना. त्यांनी मान वर केली, डोळे मिटले आणि गळ्यातून आवाज काढला, "ब्यांऽऽऽ... ब्यांऽऽऽ..."

शेळी ताडकन उठून उभी राहिली.

तात्यांची सुतळी हातातच थांबली. "ह्ये तर कोकराचं वरडनं!"

"तसंच वरडत्यात, तात्या! खडकावर पिलांचा ह्यो खांड पडल्याला असतोय. आया दूर समुद्रात चरायला गेल्याल्या. म्हंजी मासं खायाला. मंग येक आई येती, कडंला हुबी ऱ्हाती आन साद घालती. समदी पिलं येकदम वरडाया लागत्यात, धावत्यात."

"आन ती कुनालाबी पाजती?"

"छ्या! दुसऱ्याचं आलं की ढकलून दिती. आपलंच हुडकती. तोंडाला तोंड लावून..."

"हुंगती," तात्या म्हणाले.

"हुंगती. आन मंगच पाजती."

तात्यांनी पागोट्याचा शेव काढून डोळे पुसले, आणि ते लपवायचीही त्यांना आठवण राहिली नाही. "दिस बुडताना खांड रानातनं माघारी यायचा," ते म्हणाले, "आन आमी जाळीतली कोकरं सोडायचो. तुझी चुलती मधी हुबी असायची. येवढा गलका, येवढी धूळ, मानसाला मानूस दिसायचं न्हाय. पन येक कोकरू चुकायचं न्हाय, बापू. येक आई चुकायची न्हाय. इकली त्या दिशी गाडीत बी तसंच वरडत हुती समदी."

बापूसाहेबांना इतक्या वर्षांत तात्या मेंढरांबद्दल एवढं बोललेले आठवत नव्हते. ते कशाला आले होते तेच विसरून गेले.

"खरं हाय तुझं," तात्या म्हणाले. "फोटूचं सोंग आनता यील, ह्येचं न्हाय. चुकलं माझं. गावाला बी सांगतो मी."

आता मात्र बापूसाहेबांना ठिबक आठवलं. हीच वेळ! त्यांनी उतावीळ होऊन विचारलं, "मंग तात्या, पाडव्याला नळ्या टाकायच्या न्हवं?"

"नळ्या?" तात्या चकित होऊन म्हणाले. "त्यांचा ह्येच्याशी काय संबंध?"

"म्हंजी माझं खरं पटलं न्हवं तुमाला?"

"पिलांचं पटलं. आईनं हुंगलेलं मला ठावं हाय, म्हून पटलं. थेंबानं ऊस आल्याला म्या जल्मात बघितला न्हाय. आन येका फेरीत मानसाला दोन दोन नवलं दिसत नसत्यात, लेका. सील खरं म्हंजी ठिबक खोटं." एवढं बोलून तात्यांनी सुतळी पुन्हा वळायला घेतली.

पुढच्या पाळीला कालव्याचं पाणी आलं ते पूर्वीसारखंच मोकाट आलं. बापूसाहेब खालच्या तुकड्यात चिखलात उभे राहून फावड्यानं सऱ्यांची दारं मोडून पाणी वळवत होते आणि तात्या बांधावर बसले होते. भोवती पाच-सहा माणसं होती. संभाजीराव कळंबहून मुद्दाम आले होते. बादलीमुळं त्यांचं बघायचं राहून गेलं होतं.

"त्या आया समिंदरात चरायला जात्यात," तात्या रंगात येऊन सांगत होते, "आन दिस बुडताना खडकाला येत्यात. आमच्या बापूनं सोता बघितलंय. कोन खोटं म्हंतो त्येनं म्होरं यावं!"

कोणी पुढं आलं नाही. एकानं फक्त, आवाज कसा असतो, एवढं विचारलं.

"बापू," तात्यांनी हाक मारली, "ह्यास्नी जरा वरडून दाव रं."

बापूसाहेबांनी पायाखालून वाहणाऱ्या पाण्याकडं पाहिलं, मग बांधावरच्या म्हाताऱ्याच्या फुललेल्या तोंडाकडं पाहिलं. त्यांनी फावडं बाजूला रोवलं, मिशा वर केल्या आणि घोटाभर चिखलात उभं राहून ते जीव तोडून ओरडले.