बॉनेटखालच्या शांततेची चोरी

भावोजी स्वतःची ओळख करून देताना उभे राहत. बसून एवढी मोठी ओळख मावत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. "गुप्त अन्वेषक. तर्काचा उपासक. गुन्हेगाराच्या मनात शिरून आतून कडी लावणारा माणूस." हे सगळं त्यांच्या कार्डावरही होतं. कार्डं कापून दिली होती त्यांच्या मेहुण्याने. तो पुस्तकांची बांधणी करायचा, म्हणून सगळे त्याला बाइंडर म्हणत. तीस वर्षं विमा कचेरीत शिक्के मारून निवृत्त झालेला नवरा रिकामा बसला तर स्वयंपाकघरातल्या डब्यांचा तपास सुरू करील, या भीतीने बहिणीने भावाला गळ घातली होती, "तू जरा जात जा रे त्यांच्याबरोबर." तेव्हापासून बाइंडर भावोजींचा मुख्य सहायक होता. दुय्यम कोणी नव्हताच.

गुरुवारी सकाळी दातांचे डॉक्टर आले. त्यांच्याकडे दोनच माणसं बसतील अशी जुनी लाल स्पोर्ट्स कार होती. तिचं वय बाइंडरपेक्षा जास्त आणि तब्येत डॉक्टरांपेक्षा बरी होती.

"इंजिनाचा आवाज आत येऊ नये म्हणून बॉनेटला आतून फोमची जाड गादी चिकटवलेली असते," डॉक्टर म्हणाले. "इंजिन आणि आपण यांच्यामधल्या पत्र्यालाही असते. ती कोणीतरी खराब करतंय. गाड्यांच्या सीट शिवतो त्या सीटवाल्याने सहा महिन्यांत तीनदा नवीन बसवली. आठवडाभरात कडा सुटतात, लचके निघतात, खाली काळा भुगा पडतो."

"शत्रू?" भावोजींनी विचारलं.

"मी दातांचा डॉक्टर आहे. निम्म्या गावाला मी दुखवलंय."

भावोजींनी वहीत लिहिलं, 'संशयित: निम्मं गाव.'

मग डॉक्टरांचा आवाज जरा खाली आला. वर्षभरापूर्वी दोघं नवराबायको याच गाडीतून मुलीकडे गेले होते. बायको वाटभर बोलत होती आणि डॉक्टर वाटभर मान डोलवत होते. उतरल्यावर तिने विचारलं, "मी काय म्हणाले ते सांगा." डॉक्टरांना एक अक्षर सांगता आलं नाही. त्या दिवसापासून ती मुलीकडे बसने जात होती. या रविवारी नातीचा वाढदिवस होता. ती एवढंच म्हणाली होती, "गाडीत बोललेलं ऐकू येणार असेल तर येते. नाहीतर आता कायमची बस."

"मला एकट्याला त्या गाडीचा काय आनंद?" डॉक्टर म्हणाले. बाइंडरला त्यांचं फार वाईट वाटलं. भावोजींनाही वाटलं असावं, कारण ते वही मिटून लगेच गॅरेजकडे निघाले.

गॅरेज दवाखान्याला लागूनच होतं. बॉनेट उघडलं तर आत ताटात वाढून घ्यावं इतकं स्वच्छ. गादीच्या कडा मात्र लोंबत होत्या आणि वरचा चंदेरी कागद जागोजागी टोचलेला होता. बाइंडरने नाक पुढे केलं. "भावोजी, स्पिरिटचा वास येतोय."

"शेजारी दवाखाना आहे. तिथे काय अत्तराचा येणार? हे टोचे बघ. दात आहेत हे, उंदराचे." भावोजींनी गाडीच्या बॅटरीवर तीन बिस्किटं मांडली आणि तासाभराने पुन्हा येऊन पाहिलं. बिस्किटं गायब होती. "सिद्ध झालं," ते म्हणाले. त्यांच्या मिशीला लागलेला चुरा बाइंडरने रुमालाने पुसला आणि उंदराचं नाव यादीतून खोडलं.

शुक्रवारी संशय समोरच्या व्हायोलिनच्या बाईंवर गेला. आवाज अडवणारी गादी कोणाला हवी असणार? जिच्या घरातून सबंध दिवस आवाज बाहेर जातो, तिला. भावोजी शिष्य म्हणून आत शिरले. खोलीच्या चारही भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले होते, फोमचा कपटासुद्धा नव्हता. बाईंनी त्यांच्या हातात व्हायोलिन दिलं, एकदा वाजवून घेतलं आणि ते ट्रे अपुरे पडत असल्याचं नम्रपणे सांगितलं.

दुपारी पाळी सीटवाल्याची होती. "माल हलका लावतोस आणि पुन्हा पुन्हा काम मिळवतोस," भावोजी म्हणाले. सीटवाल्याने दातांत धरलेली सुई काढली. "अहो, याच मालाची गादी माझ्या टेम्पोत नऊ वर्षं आहे. ओल्या फडक्याने पुसायची, कडांना चंदेरी पट्टी मारायची, आणि मग तिच्या वाटेला जायचं नाही. डॉक्टरांची गाडी माझ्यासाठीही कोडंच आहे."

भावोजींनी त्याची साक्ष 'फार साधी' म्हणून बाद केली.

शनिवारी दुपारी दोघं गॅरेजमध्ये ताडपत्रीमागे दबा धरून बसले. तीन वाजता दार वाजलं. भावोजींनी बाइंडरचं मनगट धरलं. आत डॉक्टर आले. त्यांच्या हातात दवाखान्यातला स्टीलचा ट्रे होता.

"अशिलाकडे लक्ष देऊ नकोस," भावोजी कुजबुजले. "दाराकडे बघ. गुन्हेगार दारातूनच येणार."

भावोजी दाराकडे बघत राहिले. बाइंडर अशिलाकडे बघत राहिला. डॉक्टरांनी बॉनेट उघडलं, मास्क लावला, कपाळावरचा दिवा पेटवला आणि दात साफ करायचा आकडा घेऊन ते गादीच्या कडेत अडकलेली तेलकट घाण टोकरू लागले. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून त्यांनी ती कड मन लावून पुसली. काळा भुगा खाली पडला. "भुगा आलाच परत," डॉक्टर खेदाने म्हणाले आणि पुढच्या कडेकडे वळले.

"भावोजी," बाइंडर म्हणाला.

"श्श. पावलं वाजतायत."

दारातून खरंच कोणीतरी आलं. ती डॉक्टरांची बायको होती, चहाचा कप घेऊन. भावोजी ताडपत्रीसकट पुढे झेपावले. "हलू नका वहिनी. सगळं कळलंय मला."

"मलाही कळलंय की," ती कप सांभाळत म्हणाली. "दर शनिवारी हाच उद्योग चालतो यांचा. फ्रिजच्या दाराचं रबरही असंच टोकरून टोकरून घालवलं. आता तो दोरीने बांधून ठेवलाय."

डॉक्टरांनी मास्क खाली केला. "अगं, मी तर जपतोय गादीला. साफ ठेवलं नाही तर कीड लागते."

"दाताला," बायको म्हणाली.

बाइंडरने तो बोळा हुंगला. "डॉक्टर, जुन्या पुस्तकाची पाठ सोडवायची असली की आम्ही हेच करतो. गोंद मऊ करतो आणि हलकेच टोकरतो. तुम्ही दर आठवड्याला गादी सोडवत होतात."

डॉक्टर हातातल्या आकड्याकडे बघत राहिले. सहा महिने ते ज्याला शोधत होते तो सापडला होता, आणि त्याच्या कपाळावर दिवा जळत होता.

सीटवाला संध्याकाळी चौथी गादी घेऊन आला. बाइंडरने पत्र्याला आणि गादीला दोन्हीकडे गोंद लावला, तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबला आणि मधून कडांकडे दाबत दाबत गादी बसवली, पुठ्ठ्यावर कापड बसवावं तशी. चंदेरी पट्टी सीटवाल्याने मारली. स्टीलचा ट्रे वहिनींनी कपाटात ठेवून किल्ली स्वतःजवळ ठेवली.

रविवारी सकाळी निरोप द्यायला सगळे जमले. भावोजींनी जाहीर केलं, "गुन्हेगार अशिलाच्या अगदी जवळचा आहे, हे मी पहिल्याच दिवशी ताडलं होतं." बाइंडरने मान डोलावली.

डॉक्टरांनी इंजिन चालू केलं. ते आत कुठेतरी दूर घुमत होतं. बायको शेजारी बसली, तिने काच खाली केली, वर केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ऐकू येतंय?"

"येतंय," डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "गेल्या वर्षी काय म्हणत होतीस ते आता सांग. एकेक शब्द ऐकतो."

"एवढंच विचारत होते, पुढच्या वेळी गाडी मी चालवू का? सतरा वेळा विचारलं. सतराही वेळा तुम्ही हो म्हणून मान डोलावलीत."

डॉक्टरांनी साक्षीदार म्हणून भावोजींकडे पाहिलं. "होकार स्पष्ट दिसतो," भावोजी म्हणाले. त्यांच्या कारकिर्दीतलं हे पहिलं बरोबर अनुमान होतं.

दोघांनी जागा बदलल्या. गाडी एक गचका देऊन निघाली. गादी इतकी उत्तम बसली होती की कोपऱ्यावर वळेपर्यंत इंजिन कोणालाच ऐकू आलं नाही. ऐकू येत होते ते फक्त डॉक्टर. "क्लच. अगं, क्लच."