काळ्या भांड्याचा रंग

सासूबाईंचं बिडाचं भांडं टॅक्सीत बायकोच्या मांडीवर बसून घरी आलं. तान्हं बाळ आणावं तसं तिने ते जाड टॉवेलात गुंडाळलं होतं. जिना चढताना ती सारखी "सांभाळून, सांभाळून" म्हणत होती. हे ती नवऱ्याला सांगत होती, आणि त्याच्या हातात फक्त झाकण होतं.

पण तिचं चुकत नव्हतं. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात अगदी पक्का, डोळाही तयार, फक्त मन घरी नसायचं. गल्लीत त्याला तंद्रीमास्तर म्हणत. एकदा तो दाताच्या डॉक्टरची पाटी रंगवता रंगवता थांबला आणि वर जमलेल्या ढगांकडे बघत राहिला. खालचे पेशंट येऊन गेले, डॉक्टर जेवून आले, तरी ब्रश हवेतच होता.

सासूबाई मनगट मोडून घेऊन बसल्या होत्या. त्या जड भांड्याचं झाकणसुद्धा एका हाताने उचलणं शक्य नव्हतं. म्हणून हात बरा होईपर्यंत भांडं एका मुलीकडे ठेवायचं ठरलं, आणि त्यांनी थोरलीला डावलून धाकटीला दिलं. थोरलीने काही वर्षांपूर्वी लालचुटूक इनॅमल चढवलेलं बिडाचं भांडं घेतलं होतं. दुकानदार त्याला डच ओव्हन म्हणतो, असं ती सगळ्यांना सांगायची. सासूबाईंनी त्यातलं अन्न कधी पोटभर खाल्लं नाही. "बिडाचं भांडं काळंच असावं," त्या म्हणायच्या. "रंग लावलेलं भांडं म्हणजे पावडर लावलेला पैलवान."

"हे बघा," बायकोने भांडं ओट्यावर ठेवत बजावलं. "आईने ते ताईला न देता मला दिलंय. आजपर्यंत तिने मला साधा चमचासुद्धा विश्वासाने दिला नव्हता. हे नीट सांभाळलं तर कायमचं माझ्याकडे राहील. तेव्हा माझी लाज राखा. साबण लावायचा नाही, घासायचं नाही, तेलाचं बोट फिरवायचं आणि ठेवून द्यायचं. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. तो भांड्याकडेच बघत होता. असं काळं त्याला कधी जमलं नव्हतं. वरवर पाहिलं तर काळं, पण खिडकीचा उजेड पडला की आत खोल कुठेतरी दुसरंच काही असल्यासारखं वाटायचं.

त्या भांड्याचे गुण सगळ्या नात्यागोत्यात माहीत होते. साध्या बिडात टोमॅटो शिजवला की लोखंडाची चव उतरते, यात उतरत नसे. बिडाचं भांडं ओलं राहिलं की गंज धरतं, यावर गंजाचा ठिपका कुणी पाहिला नव्हता. "तेलात मुरलंय ते," सासूबाई सांगायच्या, आणि ऐकणारे माना डोलवायचे.

दुसऱ्या दिवशी बायको पोस्टातल्या आपल्या काउंटरवर जायला निघाली. जाताना तिने भांड्यात घेवडा, गाजर आणि टोमॅटो मंद आचेवर चढवून दिले. "आई दुपारी जेवायला येणार आहे, मीही येतेच. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. अधूनमधून पाणी घाला. एवढंच काम आहे, अहो."

एवढंच काम होतं. तो स्टूल घेऊन शेगडीजवळ बसलाही. पण शेगडीजवळ खिडकी होती, आणि खिडकीसमोर एक पांढरी भिंत होती. भिंतीवर कुठल्याशा काचेवरून उसळलेलं ऊन हलत होतं, पाण्यासारखं. तंद्रीमास्तरला वाटलं, आपलं घर हळूच बंदरातून सुटलंय आणि निघालंय. घराबरोबर शेगडी निघाली, ओटा निघाला, समोरच्या गॅलरीतली कुंडीसुद्धा निघाली. पोहण्याच्या तलावाची पाटी करायची होती, तिला नेमका कुठला निळा लावावा याचा विचार करत तोही निघाला. बऱ्याच अंतरावर गेल्यावर त्याला वास आला. आधी त्याला वाटलं, कुणाच्या तरी घरी करपलंय.

मग तोंडचं पाणी पळालं. झाकण उचललं तर आत घेवडा नव्हता, कोळसा होता. बाहेरून उतू गेलेला टोमॅटो भांड्याच्या अंगावर चिकटून फुगला होता. घाबरून त्याने तापल्या भांड्यावर गार पाणी ओतलं. 'चर्र' झालं, वाफेचा लोट उठला आणि फुगलेल्या काळ्या थराला तडा गेला. तो तडा बघून त्याच्याही काळजात तसाच काहीतरी आवाज झाला.

घासायचं नाही, हे त्याला आठवत होतं. पण खरवडायचं नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याने पाट्यांचा जुना रंग काढायची पत्र्याची पट्टी आणली आणि हलक्या हाताने फिरवली. एक पापुद्रा सुटला. खाली निळा डाग होता.

तंद्रीमास्तरने आधी पट्टीकडे पाहिलं. कालच या पट्टीने त्याने औषधाच्या दुकानाची निळी पाटी खरवडली होती. म्हणजे तो रंग भांड्याला लागला! सासूबाईंच्या भांड्याला, ज्यातलं आज सगळे जेवणार! त्याने मिठाने डाग चोळला, तर डाग मोठा झाला. सोडा लावून चोळला, तर निळा पार कडीपर्यंत गेला. जितका पुसावा तितका रंग पसरत होता. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणत तो घाम पुसत होता, आणि निळा आता बशीएवढा झाला होता, परातीएवढा व्हायच्या बेतात होता.

मग आतलं कोळशाचं ढेकूळ सुटलं आणि खाली दुधासारखा पांढरा तळ दिसला.

तो थांबला. पांढरा रंग त्याने या महिन्यात उघडलाच नव्हता. त्याने निळ्यावरून बोट फिरवलं. गुळगुळीत, थंड, काचेसारखा. हा पाटीचा रंग नव्हता. हे इनॅमल होतं. एवढी वर्षं इनॅमलला नावं ठेवणाऱ्या सासूबाई एवढी वर्षं इनॅमलच्याच भांड्यात जेवण करत होत्या.

त्याला हसू आलं, आणि लगेच रडूही. हे बायकोला कसं सांगणार? ती म्हणेल, आईचा मान घालवलात. थोरली तर टाळ्या पिटेल. आणि सासूबाई? त्यांच्या आयुष्यातली एकमेव खात्रीची गोष्ट आपण पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढली, या विचाराने तो ओट्यापाशी उभ्या उभ्या खचला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. सासूबाई वेळेच्या आधी आल्या होत्या. गळ्यात हात अडकवलेला, नाक वर, वास घेत त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. लपवायला वेळच नव्हता. त्याने भांड्यापुढे उभं राहून पाहिलं, पण तो बारीक होता आणि भांडं रुंद.

"आई, मी... ते करपलं. म्हणून खरवडलं. आणि आतून..."

"सरका," सासूबाई म्हणाल्या.

त्या भांड्याकडे बघत राहिल्या. मग चांगला हात पुढे करून त्यांनी निळ्यावरून तळवा फिरवला, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"हाच," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी विसरले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच तर निवडलं होतं. लग्नानंतरची पहिली खरेदी. दुकानात काळी भांडी ओळीने होती आणि मध्ये हे एक निळं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, रंगीत टिकत नाही, काळंच घे. मी हट्टाने हेच घेतलं." त्या स्टुलावर बसल्या. "पहिल्याच आठवड्यात समोरच्या गच्चीवर कुणी चादरी वाळत घातल्या होत्या. वाऱ्याने अशा फुगायच्या की वाटायचं, गच्ची आता उडणार. मी बघत बसले. इकडे भांडं जळून कोळसा."

"मग?"

"मग काय! तुमचं ऐकायला हवं होतं, असं सासूला सांगू? त्यापेक्षा होतं नव्हतं ते तेल थापून सगळंच सारखं काळं केलं आणि सांगितलं, निळं परत केलं, बदलून बिडाचं साधं आणलं. त्या इतक्या खूश झाल्या की विचारू नका. मग रोज काळ्याची स्तुती करावी लागली. करता करता मलाच खरी वाटायला लागली."

"आणि बाबांना कळलं नाही?"

"त्यांना भांडं कधी दिसलंच नाही. ताट दिसायचं."

दोघंही हसले. हसता हसता सासूबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पदराने टिपले. "बिचाऱ्या थोरलीचं लाल भांडं," त्या म्हणाल्या. "सुंदर आहे हो ते. पण आता कुठल्या तोंडाने सांगू?" मग त्या एकदम सावरून बसल्या. "धाकटी यायच्या आत हे काळं व्हायला हवं."

"कसं होणार?"

"दूध ओता. काठोकाठ. वर मूठभर साखर आणि तेल. गॅस मोठा करा."

"आणि मग?"

सासूबाईंनी जावयाकडे मोठ्या विश्वासाने पाहिलं. "मग तुम्ही खिडकीशी बसा, जावईबापू. बाकी आपोआप होईल."

तो बसला. जरा वेळाने सासूबाईंनीही दुसरं स्टूल ओढलं. भिंतीवर अजून ऊन हलत होतं. घर पुन्हा बंदरातून सुटलं, आणि या वेळी दोघंजण निघाले. मागे दूध वर आलं, सांडलं, जळलं, धूर झाला. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

बायको आली तेव्हा घरात धूर होता आणि जेवणाचा पत्ता नव्हता. "अहो! हे काय? आई, तू इथे असताना?"

"मुरवतोय आम्ही," सासूबाई न वळता म्हणाल्या.

बायकोने भांडं पाहिलं. काळं कुळकुळीत, तेलाने चमचमणारं. एका बाजूला थोडा निळा उरला होता, पण ती बाजू भिंतीकडे होती, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. तिने गॅस बंद केला आणि अभिमानाने भांड्याकडे बोट दाखवलं. "बघा, याला म्हणतात भांडं! ताईचं असतं तर आज रंग उडाला असता."

"भांडं आता इथेच राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "मला नको परत. जावईबापूंचा हात बसलाय त्याच्यावर."

बायकोचे डोळे पाणावले. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर फारसं पाहिलं नव्हतं. पण तंद्रीमास्तरला ते दिसलं नाही. तलावाच्या पाटीचा निळा त्याला सापडला होता.