मधात अडलेला डोंगा

गर्दवाल्याले, म्हंजे नशेच्या पुड्या विकनाऱ्याले, पकडनारा मानूस म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं काय येते? खाकी वर्दी, जीपगाडी, कमरेले पिस्तूल? पुसून टाका. आमच्या दशरथमामाच्या कमरेले फक्त चुन्याची डब्बी होती, अन् खोड अशी, की राग आला का नदीच्या मधातच डोंगा उभा करे. कोनी पान्यात थुकलं, थांबव. कोनी बायकोले शिवी देल्ली, थांबव. "माफी माग, मंग काठ!"

मामा जातीचा ढिवर, घरानं मासोळ्या धरनारं. बावनथडी नदीवर त्याचा डोंगा चाले, मी त्याच्या हाताखाली. अल्याड आमचा भंडारा जिल्हा, पल्याड मध्यप्रदेश. पुड्या पल्याडून येत अन् नागपूरले जात, हे शेंबड्या पोराले बी ठावं. पन अल्याडचा फौजदार म्हने, नदी त्यायची. पल्याडचा दरोगा म्हने, नदी तुम्हारी. मी दोघायची नक्कल करून दाखवो, मामा पोट धरून हासे. मंग एकदम भडके. पानठेल्यावरच्या रेडिओत त्यानं बातमी आयकली होती. "सात देश गर्दाच्या विरोधात एक होऊन राहिले, अन् ह्या दोन ठान्यायले पाव मैल पानी ओलांडता येत नाही!"

एका दुपारी पल्याडून एक पोरगेला मानूस डोंग्यात बसला. सासुरवाडीले चाललो म्हने. हातात वाळल्या बोंबलाची थैली.

मामानं वल्हं आडवं टाकलं. "ढिवराच्या गावात बोंबील घेऊन जाते जावई? कोनती सासू हाय बाप्पा तुही?"

थैली उलटी केली. बोंबलाखाली गर्दाच्या पुड्या.

झालं! मामानं मधधारेत बांबू रोवला, डोंगा बांधला. मले अल्याड पोहाले लावलं, दुसऱ्या एकाले पल्याड, दोन्ही साहेबायले बोलवाले. "दोघंही आल्याबिगर डोंगा कोन्याच काठाले लागत नाही!"

फौजदार काठावरून बोंबलला, "डोंगा आन, नाहीतं तुह्या घाटाचा ठेका गेला समज!"

"जाऊ द्या! उपाशी मरन, पन एकट्याच्या हाती हा मानूस देनार नाही. संध्याकाळी सोडून द्यान तुम्ही!"

तिकून दरोगा, "अरे, केस किसका है?"

"दोघायचा!"

डोंग्यातली एक बाई रडकुंडीले आली. "मामा, माह्या म्हशी दोहाच्या हायेत!"

"आज रेडकाले पिऊ दे."

चार घंटे असेच गेले; तो पोरगा सोताच गर्दाचा नशेडी निंघाला, थरथरत मामाले एकच पुडी मांगे. शेवटी दोन काठाहून दोन डोंगे निंघाले, अन् दोन्ही साहेबायनं मामाच्या डोंग्यात मांडीले मांडी लावून एकच पंचनामा लिवला. ठेका मात्र दुसऱ्याच दिवशी गेला.

पंचनामा झाला त्याच सांजेले पानठेल्यावर मी सगळ्यायची नक्कल केली. फौजदार झाला, दरोगा झाला. शेवटी त्या गर्दवाल्याची: थरथरते हात, गळतं नाक, "एकच पुडी द्या नं मामा!" लोक लोळले.

मामानं माही कॉलर धरली.

"थांब बे! फौजदाराची कर, माही कर. त्याची नोको करू. माहा धाकटा भाऊ लखू नागपूरले रिक्षा चालवाले गेला, तो असाच थरथरत वापस आला. गाव हासलं. मी बी हासलो. आठ दिवसात मेला तो. लाज नाही वाटत तुले? ऊठ! घरून भात-मासोळी घेऊ, त्या पोराले अल्याडच्या ठान्यात नेऊन देऊ. अन् रस्त्यानं तोंड उघडलं, तं याद राख!"