गाडीचं ओरडणं

सत्यशीलाबाईंच्या भाचीच्या लग्नात गहिनीनाथरावांची गाडी ओरडली आणि लोकांनी वेळेआधीच अक्षता टाकून दिल्या.

झालं असं, की बीडच्या मंगल कार्यालयात तिसरं मंगलाष्टक चालू होतं. मागच्या फाटकात कुणाचा तरी टेम्पो अडकला म्हणून गहिनीनाथराव आपली गाडी बाजूला घ्यायला गेले. त्यांनी किल्ली फिरवली आणि बॉनेटमधून 'कुईंऽऽऽ' असा आवाज निघाला. बँडवाल्यांना वाटलं, सनई सुरू झाली. त्यांनी ढोल बडवला. ढोल वाजला म्हणून अक्षता पडल्या, अक्षता पडल्या म्हणून माणसं पंगतीकडं पळाली, आणि गुरुजी उरलेली दोन मंगलाष्टकं घेऊन तसेच उभे राहिले.

दोघं नवरा-बायको नेकनूरला घरी आली. दारात उतरल्यावर सत्यशीलाबाई म्हणाल्या, "ह्या गाडीचं काय करायचं ते करा. मी पुन्हा हिच्यात बसणार न्हाई."

"अगं, पट्ट्याचा आवाज हाय तो. किरकोळ."

"तीन वर्षं झाली किरकोळच हाय! माझ्या माहेरात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई ह्या किरकोळानं."

गहिनीनाथराव जिल्हा परिषदेच्या शाळांचे केंद्रप्रमुख होते. बारा शाळा त्यांच्या हाताखाली. कुणाला न कळवता, कुठल्याही दिवशी, कुठल्याही शाळेत जाऊन थडकायचं, ही त्यांची पद्धत. आणि गंमत म्हणजे तीन वर्षांत एकही मास्तर त्यांना वर्गाबाहेर सापडला नव्हता. बीडच्या बैठकीत ते छाती पुढं काढून सांगायचे, "माझ्या केंद्रात धाकच तसा हाय." असा धाक असलेल्या माणसाला बायकोनं दारात उभं करून बोलावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते गावातल्या बजरंग मिस्त्रीकडं गेले.

गल्लीतून निघताना गाडी ओरडली. चावडीपाशी ओरडली. बजरंगच्या दारात येऊन उभी राहिली आणि एकदम गप्प झाली.

"कुठाय आवाज?" बजरंगनं विचारलं.

"आत्ता होता की!"

"मला तर काय ऐकू येईना, साहेब. शिवणयंत्रावानी चाललीय."

गहिनीनाथराव निघाले. शंभर पावलांवर गाडी किंचाळली. त्यांनी तशीच वळवली. बजरंगच्या दारात पुन्हा गप्प. तिसऱ्या वेळी त्यांनी बजरंगलाच शेजारी बसवलं आणि मांजरसुंब्याच्या रस्त्यानं तीन किलोमीटर नेलं. गाडी चूं करीना. परत आणून बजरंगला उतरवलं, त्यानं दार लावलं मात्र, 'कुईंऽऽऽ'!

"ऐकलंस? ऐकलंस का आता?"

"ऐकलं, साहेब. पर ते दाराचं असंल."

शेवटी बजरंगनं पट्टा बदलला. दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं असा सूर लावला की समोरच्या घरातलं पाळण्यातलं पोर दचकून उठलं आणि त्याच पट्टीत रडू लागलं.

मग सल्ले सुरू झाले. एक मुख्याध्यापक म्हणाले, पट्ट्याला अंगाचा साबण चोळा. गहिनीनाथरावांनी घरातली नवी वडी पट्ट्याला चोळून संपवली. त्याच दिवशी बसस्थानकासमोर पाण्याचा पाइप फुटलेला, गाडी त्या डबक्यातून गेली, आणि बॉनेटच्या फटींतून पांढराशुभ्र फेस बाहेर यायला लागला. "पेटली! पेटली!" म्हणत कुणीतरी रसवंतीतली बादली उचलून ओतली. बादलीत पाणी नव्हतं, रस होता. गाडी आठवडाभर मुंग्यांच्या ताब्यात होती. आवाज जिथल्या तिथं.

बीडच्या एका मिस्त्रीनं सांगितलं, "डायनामो गेलाय." डायनामो बदलला. आवाज राहिला. दुसऱ्यानं सांगितलं, "एसीचा दोष हाय, एसीच बंद करा." एसी बंद केला. आवाज राहिला, वर उकाडा आला. तिसऱ्यानं बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं, बॉनेट लावलं आणि म्हणाला, "साहेब, इकून टाका."

गहिनीनाथरावांची झोप उडाली. कुकरची शिट्टी झाली तरी ते चिडायला लागले. एकदा सत्यशीलाबाईंनी कपाटाचं दार उघडलं, ते कुरकुरलं, तर हे आतल्या खोलीतून ओरडले, "बंद कर आधी ते!"

"दार बंद करू का संसार?" बाई म्हणाल्या.

अखेर कुणीतरी मांजरसुंब्याच्या रामप्रसादचं नाव सुचवलं. तीस वर्षं ट्रकांची कामं केलेला म्हातारा, धाब्याच्या शेजारी पत्र्याच्या शेडात बसायचा. त्यानं काही विचारलं नाही. गाडी चालू ठेवायला सांगितली, हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

धाब्यावर मिक्सर घरघरत होता. रामप्रसादनं डोळे न उघडता आवाज दिला, "ए, मिक्सर बंद कर बे! पेशंट तपासतोय."

मिक्सर थांबला. रामप्रसादनं स्क्रू-ड्रायव्हर इथून तिथं हलवला.

"ही," रामप्रसाद म्हणाला. "ही बारकी पुली. हिची बेअरिंग खलास हाय. पट्टा, डायनामो, एसी, सगळे बेकसूर. कावून बदलत बसले एवढं?"

अर्ध्या तासात काम झालं. गहिनीनाथरावांनी गाडी चालू केली आणि काहीच ऐकू आलं नाही. गाडी बंदच आहे असं वाटून त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली, तेव्हा चालू इंजिन जे खरखरलं ते ऐकून रामप्रसादनंच कान झाकले.

"चालू हाय, साहेब! आता पाच वर्षं चूं करायची न्हाई. माझी जबान हाय."

गहिनीनाथरावांना रस्त्यावरच्या चिमण्या ऐकू आल्या. स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. एवढ्या आनंदात सरळ घरी कुठं जायचं? दुपारचे बारा वाजले होते. टेकाडवस्तीची शाळा वाटेपासून आत चार किलोमीटर होती. मास्तर सोमनाथ गुणी माणूस. चला, एक आकस्मिक भेट होऊन जाऊ द्या.

गाडी लोण्यासारखी गेली. शाळेच्या कुंपणापाशी उभी राहिली तरी कुत्र्यानं मान वर केली नाही. गहिनीनाथराव उतरले, खिडकीजवळ गेले आणि तिथंच थिजले.

वर्गात फळ्यासमोर खिचडी शिजवणारी साखराबाई उभी होती. हातात पळी. समोर पोरं रांगेत बसलेली.

"सात पोरांना तीन-तीन पळ्या खिचडी. किती पळ्या?"

"एकवीऽऽस!"

"दोघांनी पुन्हा एक-एक मागितली. मग?"

"तेवीऽऽस!"

आणि व्हरांड्यात सोमनाथ सर बनियनवर, स्टुलावर बसले होते. डोक्याला काळाभोर कलप थापलेला, वर पारदर्शक पिशवी, हातात आरसा.

"सर," साखराबाईनं आतून हाक दिली, "आज साहेब यायचे न्हाईत ना?"

"आवाज आलाय का?"

"न्हाई."

"मग कावून घाबरता? खालच्या ओढ्याला साहेबांची गाडी ओरडती. तिथून हितवर यायला दहा मिनिटं. तेवढ्यात डोकं धुऊन, सदरा घालून, पाचवा धडा काढून हुतो माझा. तीन वर्षं झाली, एकदाबी चुकलो न्हाई."

गहिनीनाथरावांच्या कानशिलात कुणीतरी ढोल बडवल्यासारखं झालं. बाराच्या बारा शाळांच्या वाटा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या. प्रत्येक वाटेवर एक ओढा, एक चढ, एक वळण.

त्यांचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला. आता आत शिरायचं आणि असं झापायचं, की... आणि मग काय लिहायचं? शाळेच्या भेटवहीत त्यांच्याच वळणदार अक्षरात पानंच्या पानं भरली होती: 'आकस्मिक भेट दिली. शिक्षक वर्गात अध्यापन करताना आढळले. वातावरण शैक्षणिक.' आज वेगळं लिहिलं, तर वरचे विचारणार, मग आधीचं काय होतं? एका शाळेचं निघालं, की बाकीच्या अकरांचंही निघणार. बैठकीत काढलेली छाती त्यांना आठवली.

आत पोरं चौतीस वजा अकरा बरोबर सांगत होती. तेवढं एक बरं होतं.

ते चोरपावलांनी मागं फिरले. दार न आपटता गाडीत बसले आणि गाडी उलटी घेत घेत थेट खालच्या ओढ्यापर्यंत नेली. गाडीनं खरंच चूं केलं नाही. मग त्यांनी हॉर्नवर तळहात ठेवला आणि समोर शेळीसुद्धा नसताना दोन मिनिटं दाबून धरला. घड्याळात पाहिलं. पुरती दहा मिनिटं थांबले, आणि पुन्हा निघाले.

शाळेत पाचवा धडा चालू होता. सोमनाथ सर सदरा घालून फळ्यासमोर उभे होते. डावा कान काळा, कॉलरवर एक ओघळ. साखराबाईनं तोवर चहा टाकला होता.

"या, साहेब, या," सोमनाथ सर धापा टाकत म्हणाले. "गाडी बिघडली का काय? आज निस्ता हॉर्नच ऐकू आला."

गहिनीनाथराव खुर्चीत बसले. त्यांनी भेटवही पुढं ओढली आणि खाली मान घालूनच म्हणाले, "दुरुस्त केली."

सोमनाथ सरांचा चेहरा पडला. साखराबाईच्या हातातला कप वाटेतच थांबला.

"कावून, साहेब?" तिनं अगदी मनापासून विचारलं. "चांगली तर होती."