दोनशे सोळा फोटो आणि एक

"मला दोनशे नकोत, शंभर नकोत. एक पाहिजे," शकुंतलाबाई ताटातले तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "तुम्ही, मी आणि आपली रूपा. तिघं एका रांगेत, डोळे उघडे, मान सरळ. एवढा एक निघाला की बाकीचे तुम्ही खुशाल खांबांचे काढा नाहीतर म्हशींचे."

मागणी एवढीशी, पण खंडोजीरावांना घाम फुटला. राजाजीनगरात त्यांचा स्टुडिओ होता. चोवीस वर्षांत "स्वल्प स्माईल! अक्का, स्वल्प स्माईल!" असं ओरडून त्यांनी अर्ध्या पेठेला हसवलं होतं. पण घरात नवरा-बायकोचा एकत्र असा एक फोटो असेल तर शपथ. लग्नातला होता म्हणा. त्यात शकुंतलाबाई मुंडावळ्या बांधून पाटावर बसल्यात आणि शेजारचा पाट रिकामा. नवरदेव ऐन वेळी उठून फोटोग्राफरची छत्री धरायला गेलेले. का? तर "त्याला उजेडातलं काही कळत नव्हतं."

"चोवीस वर्षं लोक विचारतात, अक्का, नवरा कुठाय?" शकुंतलाबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "रूपाच्या लग्नात पुन्हा तेच झालं तर बघा. मी तिच्याबरोबर सासरी जाईन."

"काढू ना! सहा रोल घेतोय. दोनशे सोळा फोटो!"

"दहा घ्या."

"दहा कशाला? अल्बम कोण बघतं माहीत आहे का तुला? पहिली चार पानं लोक नवरी बघतात. नंतर जो तो आपलं थोबाड शोधतो. सापडलं की अल्बम मिटतो. दोनशे सोळा म्हणजे डोक्यावरून पाणी."

आता कॅमेरा कोण धरणार? मुलीचा बाप कन्यादान सोडून फोटो काढायला लागला तर शोभणार नाही, एवढं खंडोजीरावांनाही कळत होतं. त्यांनी परसूला बोलावलं. परसू त्यांचा जुना चेला. पाच वर्षं त्यांच्या हाताखाली राबला आणि मग बसवनगुडीत स्वतःचा स्टुडिओ टाकून दोन पोरांचा बापही झाला. गुरूनं त्याला दोन विद्या दिल्या होत्या.

पहिली विद्या काटकसरीची. रोल भरताना सुरुवातीची फिल्म वाया घालवायची नाही. नीट बेतानं भरला तर छत्तीसच्या रोलमधून सदतिसावा फोटो निघतो. तो गिऱ्हाइकाचा नाही, आपला.

दुसरी विद्या रिकाम्या फ्लॅशची. लग्नाला माणसं पाचशे आणि फिल्म दोनशे. प्रत्येक जण आहेराचा डबा घेऊन नवरीशेजारी उभा राहणार आणि कॅमेऱ्याकडे बघत थांबणार. फोटो घ्यावा तर फिल्म जाते, न घ्यावा तर माणूस रुसतो. मग फ्लॅशच्या पाठीमागचं बारकं बटण दाबायचं. भक्कन उजेड पडतो, माणूस खूश होऊन जेवायला जातो आणि कॅमेऱ्यातली फिल्म जागची हलत नाही. पुढे महिन्यानं तो विचारायला आलाच, तर म्हणायचं, "काय सांगू अण्णा, तेवढाच नेमका लॅबवाल्यानं जाळला!" त्या बिचाऱ्या लॅबवाल्याच्या नावावर खंडोजीरावांनी निम्मं राजाजीनगर जाळून ठेवलं होतं.

तर असा हा तयार केलेला चेला. आणि लग्नाच्या दिवशी पहाटे खंडोजीरावांच्या डोक्यात किडा वळवळला: हा माझ्याच पोरीच्या लग्नात रिकामे मारणार नाही कशावरून?

लग्न होतं आनेकलच्या पुढे, नवरदेवाच्या कुलदेवाच्या देवळाजवळच्या कल्याणमंटपात. मे महिन्यातला रविवार, मोठा मुहूर्त. आनेकलमधला एकुलता एक फोटोवाला स्टुडिओला कुलूप लावून दुसऱ्याच्या लग्नात. खंडोजीरावांनी सहा रोल मोजून परसूच्या हातात ठेवले.

"परश्या, खरा फोटो टप् असा वाजतो. रिकामा वाजत नाही. माझा कान तुझ्या कॅमेऱ्याला लावलाय असं समज."

"सरी अण्णा," परसू मान खाली घालून म्हणाला. "पण ओलगवाल्यांच्या सनईत ऐकू येईल का?"

हे खंडोजीरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या क्षणापासून त्यांचा दिवस नासला.

गौरीहाराच्या वेळी त्यांनी बसल्या जागेवरून कान टवकारले. सनई आणि ढोल यांच्यापुढे टप् कुठलं ऐकू येतंय! ते उठले आणि परसूच्या पाठीमागे जाऊन कॅमेऱ्यावरचा आकडा बघू लागले. आकडा नऊचा दहा झाला. जीव भांड्यात पडला. म्हणजे हा पोरगा प्रामाणिक आहे! पुढच्या फ्लॅशला आकडा दहाच राहिला.

"परश्या! हा रिकामा होता!"

"अण्णा, तो खांब होता. मी उजेड बघत होतो."

विश्वास कोण ठेवणार? स्वतः खंडोजीरावांनी हेच कारण शंभरदा सांगितलं होतं. ते काही परसूची पाठ सोडेनात. कन्यादानाला बसले ते एका मांडीवर. शकुंतलाबाईंनी झारीतून पाण्याची धार सोडली आणि "हात पुढं करा" असं भटजी म्हणाले, तेव्हा मुलीच्या बापाची मान मागे, परसूच्या रोलांच्या पिशवीकडे वळलेली होती. मंगळसूत्राच्या वेळी "गट्टिमेळ! गट्टिमेळ!" असा ओरडा झाला, ओलग कडाडलं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. खंडोजीरावांनी त्या परसूच्या टाळक्यावर टाकल्या, कारण ते त्याच्या मागे उभे होते.

"अहो!" शकुंतलाबाई दातओठ खात पुटपुटल्या. "पोरीचा बाप आहात का फोटोग्राफरचा अंगरखा?"

"आलोच! तेवीस झालेत, तेवढं बघून येतो."

खरी गंमत झाली ती आहेराच्या रांगेत. रांग देवळाच्या पायरीपर्यंत गेलेली. रांगेत काचेचे सरबताचे सेट, भिंतीवरची घड्याळं आणि आणखी भिंतीवरची घड्याळं. परसूनं सवयीनं फ्लॅशच्या पाठीमागे अंगठा नेला. भक्क. आणि नेमका त्याच क्षणी ओलगवाला पान खायला थांबलेला. सगळीकडे शांतता. टप् नाही.

"रिकामा!" खंडोजीराव गरजले. "परश्या, मेल्या, माझ्या पोरीच्या लग्नात रिकामा फ्लॅश मारतोस? फिल्म न हलवता नुसता उजेड पाडतोस?"

"अण्णा, तुम्हीच शिकवलंत ना!" परसू कळवळून म्हणाला. "रांग मोठी असली की पाचात एक खरा, बाकी रिकामे. बारा वर्षांपूर्वी यल्लाप्पांच्या लग्नात तुम्ही स्वतः..."

पुढचं बोलणं त्यानं गिळलं, कारण रांगेत सगळ्यात पुढे बांगडीवाला यल्लाप्पाच उभा होता.

यल्लाप्पा हा खंडोजीरावांच्या स्टुडिओसमोरचा दुकानदार. त्यानं सरबताचा सेट हळूच खाली ठेवला. "म्हणजे अण्णा, माझ्या सासऱ्याचे फोटो... लॅबवाल्यानं जाळले म्हणालात ते?"

"अरे यल्लाप्पा, ये ये! परश्या, यल्लाप्पाचा घे! खरा! दोन घे!"

"सासरा गेला हो आता," यल्लाप्पा म्हणाला. "बायको बारा वर्षं त्या लॅबवाल्याला शिव्या देते."

"तीन घे रे!"

यल्लाप्पा काय असातसा माणूस होता? त्यानं हाक मारून बायको, भाऊ, भावजया आणि पोरं मिळून अकरा जण मंचावर चढवले. सगळ्यांचा एक, बायकांचा एक, भावांचा एक. कॅमेरा टप् टप् वाजू लागला आणि बातमी पंगतीपर्यंत पोचली, "चला चला, अण्णा आज खरे फोटो काढतायत!" राजाजीनगरची जुनी गिऱ्हाइकं हात धुऊन पुन्हा रांगेला लागली. कुणाची मुंज राहिली होती, कुणाचं बारसं. एक म्हातारी म्हणाली, "माझ्या साठीशांतीचा एक राहिलाय, तो इथंच घ्या. नवरी असू दे शेजारी, माझी हरकत नाही."

नाही कुणाला म्हणायचं? ज्याच्याकडे बघावं त्याला कधी ना कधी रिकामा मारलेला. खंडोजीराव परसूच्या शेजारी उभे राहून आकडा वाचत होते. "छत्तीस! रोल बदल!" रोल संपला की परसू नवा चढवत होता, पाहुणे हसत होते, आणि शकुंतलाबाई लांबून शालूचा पदर कमरेला खोचून हे बघत होत्या.

"अहो, आपला फोटो!" त्यांनी दोनदा हाक मारली.

"हे एवढे झाले की!"

हे एवढे होईपर्यंत जेवणं उरकली. नवरीला सासरी न्यायची बस येऊन दाराशी लागली. तेव्हा शकुंतलाबाईंनी कुणालाही न विचारता मंचावर दोन खुर्च्या मांडल्या, नवा गजरा माळला, तोंड पुसून कुंकू नीट केलं, रूपाला मधोमध उभं केलं आणि डावीकडच्या खुर्चीत बसल्या. उजवीकडची खुर्ची रिकामी. चोवीस वर्षांपूर्वीच्या त्या फोटोसारखीच.

"या," त्या म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता, म्हणून खंडोजीरावांना जास्त भीती वाटली.

त्यांनी परसूकडे बघितलं. परसूनं कॅमेरा हळूच तिरका करून दाखवला. सहावा रोल. आकडा छत्तीस.

राजाजीनगरच्या स्टुडिओत कपाटभर रोल पडलेले, पण इथून तिथं जाऊन येईपर्यंत पोरगी सासरी पोचली असती. त्यांनी परसूच्या कानाशी तोंड नेलं. "रिकामा मार."

"अण्णा! अक्कांना?" परसूचे डोळे पांढरे झाले.

"मग काय आत्ता सांगू? पोरगी निघालीय, बसू दे तिला आनंदात. पुढचं मी बघतो."

"पुढचं काय बघणार?"

"लॅबवाला आहे ना!"

एवढं बोलून ते जाऊन खुर्चीत बसले. बसले आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच मोजायला काही उरलं नव्हतं. फिल्मच नाही म्हटल्यावर मान सरळ कशाला ठेवायची? त्यांनी डोक्यावरचा घट्ट पेटा काढला आणि टक्कल कराकरा खाजवलं. समोर परसू प्रेतयात्रेला आल्यासारखं तोंड करून उभा. गुरूच्या आज्ञेनं गुरुपत्नीला फसवायचं पाप त्याच्या वाट्याला आलेलं. त्यानं कॅमेऱ्याशी काहीतरी खुडबुड केली आणि डोळ्याला लावला.

त्याचा तो सुतकी चेहरा बघून खंडोजीरावांच्या अंगातला जुना वात्रटपणा उफाळून आला. त्यांनी दोन्ही डोळे नाकाच्या शेंड्यावर आणले, गाल फुगवले, पेटा कानावर लटकवला आणि हातभर जीभ बाहेर काढली.

शकुंतलाबाई मान सरळ, डोळे उघडे धरून बसल्या होत्या. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना काहीतरी दिसलं. त्यांनी वळून बघितलं आणि त्या अशा हसल्या, अशा हसल्या की गजरा सुटून खांद्यावर आला. रडायच्या बेतात आलेली रूपा बापाच्या जिभेकडे बघून आईच्या गळ्यात पडून खिदळायला लागली.

भक्क. टप्.

'शहाणा आहे पोरगा,' खंडोजीरावांच्या मनात आलं. 'तिला खरं वाटावं म्हणून बटणसुद्धा दाबलं.'

पंधरा दिवसांनी परसू अल्बम घेऊन घरी आला. शकुंतलाबाई आपला नवरा शोधत पान उलटत गेल्या. गौरीहार: नवरा नाही. कन्यादान: नुसती नवऱ्याच्या पेट्याची शेपटी. मंगळसूत्र: नवरा नाही. सप्तपदीत एक कोपर होतं, पण ते भटजींचं निघालं. यल्लाप्पा मात्र चौदा ठिकाणी होता.

"बिनबापाची पोर लग्नाला उभी राहिलीय असं वाटतंय," शकुंतलाबाई म्हणाल्या. शेवटचं पान उलटलं. ते कोरं होतं. त्यांनी त्यावरून हात फिरवला. "आणि आपला?"

खंडोजीरावांनी घसा खाकरला. पंधरा दिवस आरशासमोर तयारी केलेलं वाक्य त्यांनी बाहेर काढलं. "काय सांगू शकू... तेवढाच नेमका... लॅबवाल्यानं..."

"इथं आहे ना अक्का!" परसूनं पिशवीतून पाकीट काढलं. "चांगला आला म्हणून मोठा करून आणला."

खंडोजीराव उडालेच. "कुठून आला? छत्तीस झाले होते!"

"लिव्हर फिरवून बघितला, तर फिरला की! सदतिसावा, अण्णा. तुम्हीच शिकवलंत, तो आपला असतो म्हणून."

फोटो शकुंतलाबाईंच्या मांडीवर पडला. आई हसतेय, मुलगी हसतेय, गजरा हवेत आहे. आणि मुलीचा बाप तिरळे डोळे करून, फुगलेल्या गालांनी, कानावर पेटा लटकवून सगळ्या जगाला जीभ दाखवतोय.

शकुंतलाबाईंनी फोटो उचलून उजेडात धरला. खंडोजीराव चप्पल शोधू लागले.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "कॅमेरा रिकामा आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"शकू, तसं नाही..."

"बोलू नका. याची खिडकीएवढी कॉपी काढा. स्टुडिओच्या काचेत लावायची. मधोमध."

"काचेत? अगं, लोक हसतील!"

"मग? चोवीस वर्षं 'स्वल्प स्माईल, स्वल्प स्माईल' म्हणून कुणाच्या नावानं बोंबलताय?"

सोमवारी फोटो काचेत लागला. मंगळवारी सकाळी खंडोजीरावांनी शटर वर केलं, तर दारात यल्लाप्पा उभा. मागे बायको, भाऊ, भावजया, पोरं मिळून अकरा जण, ठेवणीतले कपडे घालून, ओळीनं जिभा बाहेर काढून.

"आमचा पण असाच काढा," यल्लाप्पा जीभ आत घेऊन म्हणाला. "आणि अण्णा, टप् वाजलं पाहिजे हां!"