गुडघ्यास अभय मिळालें त्या मोहिमेची हकीकत

आज्ञा जाहली की, एका गोळीवर दौलतीनें स्वारी केली ती कैसी, फौज कोण, आणि फत्ते अखेर कोणाचे पदरीं पडली, हें साद्यंत लिहून ठेवणें. त्यावरून घडलें तैसें लिहिलें आहे. तिखटमीठ वाटलें तर तें मूळ वर्तमानांतच होतें.

राजमान्य समितीअध्यक्षसाहेब, माइकबहाद्दर, यांणीं मसलत केली की गर्भ पाडण्याची गोळी राज्यांत राजरोस विकते, तेणेंकरून दौलतीची अब्रू जाते, तरी कायदा करून तिचें पारिपत्य करावें. मग समितीचे सरदार जमा जाहले, अवघे पुरुष, अवघे पोक्त, आणि मसुदा लिहूं लागले. परंतु त्या दरबारचा रिवाज ऐसा की गर्भपात हा शब्द तोंडीं आणणें बेअदबी. सबब सारे त्यास ‘तो विषय’ म्हणत, आणि औषधाचें नांव कोणी पुसेना, कां की पुसणारासच लोक पुसतील की तुला कशाला हवें. मग कलम घातलें की त्या गोळींत जें औषध असेल, तें ज्या ज्या गोळींत आढळेल ती ती बंद. आणि बाकें वाजविलीं आणि चहा घेतला. कायदा अद्याप मंजूर व्हावयाचा होता, परंतु दहशत ऐसी बसली की दुकानदारांनीं माल आधींच परत धाडिला.

त्याच समयीं अध्यक्षसाहेबांची कन्या माहेरीं आली होती. तिला दिवस गेले होते, आणि गर्भ पोटांतच निमाला. डॉक्टरीणबाईंनीं निक्षून सांगितलें की गोळी घेऊन मोकळें व्हावें, उशीर जाहला तर जिवावर बेतेल. मग कन्येची आई, म्हणजे अध्यक्षसाहेबांच्या बाईसाहेब, कापडी पिशवी घेऊन खाशा स्वारीनें औषधांचे दुकानीं गेल्या. एक चिठ्ठी लेकीची, दुसरी यजमानांचे गुडघेदुखीची. दुकानदारानें दोन्ही परत केल्या.

“काकू, दोन्हींत तेच औषध आहे,” तो हळूच म्हणाला. “काकांच्या गोळीत ते पोट सांभाळायला चिमूटभर घालतात, तेवढ्यानं ताईचं भागायचं नाही. काकांनीच बंद करायला घेतलंय, आता मी काय करू?”

बाईसाहेब घरीं आल्या तों लेक भिंतीकडे तोंड करून निजली होती आणि हात अजून पोटावरच होता. तें पाहून बाईसाहेबांस रडूं आलें, आणि रडण्याहून राग मोठा आला. मग त्यांणीं यजमानांकडे अर्ज केला की एक शब्द टाकावा. यजमानांनीं आरामखुर्चीवरून फर्माविलें की कायदा सर्वांस सारखा, घरची म्हणून सवलत दिल्ही तर दुनिया काय म्हणेल, सबब कन्येनें धीर धरावा.

बाईसाहेब उठल्या. उशापासची गुडघ्याच्या गोळ्यांची डबी उचलिली, कपाटांत घातली, आणि चावी कमरेस खोंविली.

“अगं, ती तर गुडघ्याची आहे!”

“कायदा सगळ्यांना सारखा,” बाईसाहेब म्हणाल्या. “आणि तुमची अक्कल जिथे आहे तिथेच दुखतंय, त्याला मी काय करणार?”

मग हाहाकार जाहला. दुकानें आधींच रिकामीं होतीं, त्यांत ही रसद तुटली. अध्यक्षसाहेबांचे गुडघे भोपळ्यासारखे सुजले, सभागृहाच्या पायऱ्यांवर त्यांस दोघांनीं बखोटीस धरून चढविलें, आणि वर जाऊन पाहतात तों अवघे सरदार विव्हळत बसलेले. ज्या समितीस मरणाऱ्या पोरीसाठीं सवड नव्हती ती लगोलग बसली. ठराव जाहला की ज्यास गुडघेदुखीची चिठ्ठी असेल, त्यास तें औषध हव्या त्या रूपांत बेलाशक द्यावें. कोणत्या रूपांत, हें याही खेपेस कोणी पुसलें नाहीं. लेकीसुनांविषयीं अक्षर नाहीं. ऐशा शूरांस काय म्हणावें!

ठरावासरशीं दुकानांत माल परतला. बाईसाहेबांनीं बातमी ऐकिली आणि लेकीस रिक्षांत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलें. तिला ताप चढला होता.

“काय दुखतंय?” डॉक्टरीणबाईंनीं विचारिलें.

लेकीनें आईकडे पाहिलें. “गुडघा,” ती म्हणाली.

चिठ्ठी मिळाली, गोळी मिळाली, पोर वांचली. गेल्या बाळासाठीं ती फार दिवस रडली, तेंही येथें लिहिलें पाहिजे.

पुढें कायदा मंजूर जाहला आणि त्या राज्यांतील बायकांचे गुडघे दुखूं लागले. शिक्षिकांचे दुखले, परिचारिकांचे दुखले, खुद्द सरदारांच्या सुनांचे दुखले. अध्यक्षसाहेबांनीं भर सभेंत जाहीर केलें की ‘तो विषय’ राज्यांतून समूळ नाहींसा जाहला. बाकें पुन्हा वाजलीं.

चावी मात्र अद्याप बाईसाहेबांचे कमरेस आहे. रोज सकाळीं अध्यक्षसाहेब लंगडत येऊन हात पुढें करितात, आणि बाईसाहेब कपाटास पाठ लावून म्हणतात, “आधी आत जा. लेक कशी आहे ते विचारून या.” मग ते जातात, विचारितात, आणि मग गोळी मिळते. येणेंप्रमाणें फत्ते जाहली, ती बाईसाहेबांचे नांवें नोंदविली असे.